खांदा रुसलाय

आमच्या बिल्डिंगीच्या मागच्या अंगाला एक गृहस्थ दर रविवारी डुकराच्या हाडाशी शेकहँड करत. अगदी रीतसर. पिंपाचं झाकण उचलायचं, मांसातून डोकावणारं खांद्याचं हाड सरळ बोटांत धरायचं आणि हलवायचं. हाड जागचं हललं नाही, तर "अजून हात देत न्हाय" म्हणून झाकण बंद. अलगद निघून हातात आलं, तर मांस झालं. घड्याळ, सुरी, काटा ही सगळी त्यांच्या मते फसवी माणसं.

हे इनास अंकल. इथल्या गोडदेव गावचे मूळचे ईस्ट इंडियन ख्रिश्चन. आमची बिल्डिंग त्यांच्याच भातशेतावर उभी. बदल्यात बिल्डरने त्यांना तळमजल्याचा एक ब्लॉक आणि मागे स्कूटरसुद्धा वळणार नाही एवढी पट्टी दिली होती. तरुणपणी ते बोटीवर कुक होते. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात बोट अडकून पडली, तेव्हा तिथल्या माणसाने त्यांना डुकराचा अख्खा खांदा मंद धुरावर दिवसभर ठेवून शिजवायला शिकवलं. त्या काळात लोक परदेशातून टेपरेकॉर्डर आणत. हे एवढंच घेऊन आले.

आदल्या संध्याकाळी खांद्याला मिठागरातलं जाडं मीठ आणि घरचा, बाटलीत ठासून भरलेला मसाला चोळून ठेवायचा. रविवारी उजाडता उजाडता गोडेतेलाच्या जुन्या पिंपात चिंचेचे निखारे, वर धुरासाठी आंब्याचं लाकूड. मग शेजारी स्टुलावर बसून राहायचं. बसून राहणे हाच त्यातला मुख्य पदार्थ.

आम्ही गिरगावातली खोली सोडून इथे आलो ते अठ्ठ्याऐंशी साली. पहिल्याच रविवारी माझी आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिली, आंब्याच्या लाकडाचा आणि सुटलेल्या चरबीचा खमंग वास तिने खोल ओढून घेतला आणि म्हणाली, "कोणाकडे तरी होम आहे वाटतं. वस्ती चांगली दिसते." आणि तिने हात जोडले. वास कशाचा ते मला कळलं होतं, पण एवढं समाधान मोडायचं कोणी? ती होती तोवर रविवारी आंघोळ केल्याशिवाय त्या खिडकीशी गेली नाही.

पुढे सोसायटी झाली आणि सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. धुराच्या तक्रारी आल्या. मी कडक चेहरा करून मागे गेलो, तर अंकलनी ओठांवर बोट ठेवलं.

"सेक्रेटरी, हलू बोला. खांदा रुसलाय."

"कोण रुसलंय?"

"दुपारचा तो रुसतोच. शिजाचा थांबतो. मानूस घाबरतो, विस्तव वाढवतो आनि सगला मातीत घालतो. रुसलेल्याला टोचाचा न्हाय. बसून ऱ्हायाचा."

मला त्यांनी दुसरं स्टूल दिलं. संध्याकाळी हाडाने हात दिला, तेव्हा एक तुकडा पावावर घालून माझ्यापुढे केला. आमच्याकडे रविवारचं मटण म्हणजे शौर्याची परमावधी; डुकराचं नावही काढत नसत. पण तो तुकडा जिभेवर नुसता ठेवला आणि विरघळला. मी तक्रार खिशात आणि चरबी मिशीवर घेऊन परत आलो. तक्रारदारांनाही हळूहळू वाटे पोचले आणि धूर आपोआप कमी झाला, निदान लोकांना तसं वाटू लागलं.

आम्हाला सगळ्यांना ते मांस स्वर्गीय वाटे, पण अंकलना आमच्या मताची काडीची किंमत नव्हती. त्यांना एकाच माणसाचं मत हवं होतं, थोरल्या भावाचं, दुमिंगचं. दुमिंग आमच्या कंपाउंडला लागून असलेल्या जुन्या कौलारू घरात राहायचे. बोटीवरून परतल्यावर अंकलनी आयुष्यातला पहिला खांदा केला तो पुतण्याच्या बारशाला. दुमिंगनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला, ताटात परत काढून ठेवला आणि सगळ्या गावादेखत म्हणाले, "ह्याला सोल लावून द्या. पायात घालतो."

गाव हसलं आणि अंकलनी बोलणं टाकलं. अबोला कसला पक्का! मधली भिंत तेवढी दोघांची सामायिक. तरी दर रविवारी पहिली बशी त्याच घरी जायची. दुमिंगची सून रोझी ती नेई आणि धुऊन परत आणी. "काय बोलला?" अंकल विचारत. "काय न्हाय," रोझी सांगे.

"एकदा त्याच्या तोंडातून 'बेस झालाय' आयकाचा," अंकल मला म्हणत. "दुसऱ्या दिवशी पिंप भंगारवाल्याला."

मीठ कमी कर, चिंचेचं लाकूड बदल, झाकणाला फडकं बांध, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. साठी उलटलेला माणूस एका वाक्यासाठी धूर खातोय, हे बघून मला हसू यायचं आणि मग संध्याकाळी वाटा आला की मी दुमिंगना मनोमन दीर्घायुष्य चिंतायचो. त्यांनी तारीफ केली असती तर आमचं नुकसान होतं.

एका रविवारी रोझी बशी घ्यायला आली आणि तिथेच डोळे पुसायला लागली. सासरे सकाळी अंगणात उभे राहून तिला दुमिंगचं घर कुठलं म्हणून विचारत होते. कित्येक महिने हे चाललं होतं. आता घरातल्या कोणालाच ते ओळखत नव्हते.

त्या दिवशीचा खांदा मी खाल्लेल्या सगळ्यांत सरस झाला होता. त्यांनी स्वतः बशी भरली. "सेक्रेटरी, साक्षीला चला," म्हणाले.

दुमिंग खाटेवर बसले होते. स्वच्छ सदरा, केस विंचरलेले. अंकलनी घास भरवला. त्यांनी शांतपणे खाल्ला, दुसरा मागितला आणि अगदी आदराने म्हणाले, "लय बेस झालाय. मऊ लागतो. तुमी कोनाचे?"

इतक्या वर्षांची अट पूर्ण झाली होती आणि साक्षीदार हजर होता. मी अंकलकडे बघायचं टाळलं.

पिंप काही भंगारात गेलं नाही. पुढच्या रविवारी भर दुपारी, खांदा ऐन रुसव्यात असताना, अंकलनी तो बाहेर काढला. शिजलेला होता, पण चिवट. हाड घट्ट बसलेलं.

"अंकल, अजून वेळ आहे ना?"

"आज असाच पायजे," ते म्हणाले आणि सुरीने कापू लागले. सुरीलाही जोर लावावा लागत होता.

दुमिंगनी घास घेतला. चावला. पुन्हा चावला. हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी चढली. त्यांनी मान वर करून समोरच्या माणसाकडे रोखून पाहिलं.

"इनास," ते म्हणाले, "तुला विस्तवाजवल बस सांगितला व्हता ना? परत खेलाया गेलास?"

अंकलनी मान खाली घातली. "चुकला, दादूस."

"आय मारंल आता."

"तू नको सांगू ना तिला."

"बरं," दुमिंग म्हणाले आणि त्यांनी दुसरा घास घेण्यासाठी तोंड उघडलं. अंकलच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर अंगणात जाऊन नाक शिंकरलं.

त्यानंतर दर रविवारी खांदा दुपारीच निघू लागला. कधी दुमिंग इनासला ओळखायचे, कधी नाही. पण मऊ मांसाने एकदाही ओळख पटली नव्हती, म्हणून अंकल धोका पत्करत नसत. बिल्डिंगीत कुजबुज सुरू झाली. म्हातारा थकला, हात गेला, आता पूर्वीची चव राहिली नाही. दोघा-तिघांनी वाटा घेणं बंद केलं, आणि धुराची तक्रार पुन्हा माझ्याकडे आली.

मी सेक्रेटरी असून कोणाला काही बोललो नाही. तक्रार टेबलाच्या खणात टाकली आणि माझ्या वाट्याचा तुकडा चावत बसलो.