निकम सरांचा कोरम

निकम सर एकट्यानं चहा पीत नसत. चहा समोर आला की आधी खोलीतली माणसं बोटानं मोजत आणि विचारत, "कोरम झाला का?" कोरम म्हणजे तीन माणसं. दोघंच असलो तर ते दारातून दिसेल त्याला ओढून आणत. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस आमच्यात बसून चहा पिऊन गेला आणि मीटर बघायचंच विसरला.

सर आमच्या कॉलेजचे प्राचार्य. कॉलेज नाशिकच्या बाहेर, पेठ रोडला. मी तिथे अर्थशास्त्र शिकवायचो. मुळात सर चारचौघांसारखेच होते हो! आणीबाणी नुकतीच उठली होती, त्या सुमारास संस्थेनं त्यांना पुण्याला नेतृत्वाच्या शिबिराला धाडलं आणि ते तिथून बिघडून आले. "एकट्यानं केला तो हट्ट, तिघांनी केला तो ठराव," हे वाक्य त्यांना शिबिरात मिळालं की येताना एसटीत सुचलं, देव जाणे. पण तेव्हापासून खडू आणायचा तर ठराव, घंटेला दोरी बांधायची तर ठराव. देशात लोकशाही परत आली ती थेट आमच्या बोकांडी बसली.

एका दुपारी ऑफिसात बैल शिरला. शिपाई भिका टेबलावर चढला, ग्रंथपाल साळवेबाई कपाटामागे गेल्या, मी खिडकीचे गज धरून उंच झालो. सर मात्र खुर्चीत ताठ.

"हाकलायचं आहे ना? मग सूचक कोण?"

"अहो सर, आधी हाकला!" मी ओरडलो.

"तो हट्ट झाला. सूचक?"

"मी," कपाटामागून साळवेबाईंचा आवाज आला.

"अनुमोदक?"

"मी हाय की! पन सर, तो वेळापत्रक खातोय!" भिका बोंबलला.

ठराव एकमतानं मंजूर होईपर्यंत बैल वेळापत्रक संपवून आपल्या पायांनी निघून गेला. हजेरीत सरांनी त्याची नोंद 'निमंत्रित' अशी केली. "पूर्ण वेळ बैठकीत होता ना तो?" असं वर आम्हालाच विचारलं.

शनिवारी तर नुसता आनंद. दर शनिवारी प्राचार्यांच्या खुर्चीत दुसऱ्या कुणीतरी बसायचं आणि त्या दिवसापुरतं तो म्हणेल तसं सगळ्यांनी वागायचं. "खुर्ची बाहेरून शिकता येत नाही," हे सरांचं म्हणणं. पाळी सगळ्यांची, भिकाचीसुद्धा. भिकाचा जन्म दुसऱ्यांच्या घंटीवर धावण्यात गेलेला. त्यानं खुर्चीत बूड टेकलं आणि घंटी दाबली. सर धावत आले.

"काय साहेब?"

"काय नाय. पानी आना."

पाणी आलं. पुन्हा घंटी.

"आता काय साहेब?"

"काय नाय. येता का ते बघितलं."

दुपारपर्यंत सर घामाघूम झाले, आणि इतके खूश की विचारू नका. भिकाला त्या रात्री म्हणे घंटीची स्वप्नं पडली.

बाकीच्या शनिवारी सर माझ्या वर्गात, शेवटच्या बाकावर. मी मागणी-पुरवठा सुरू केला रे केला की ह्यांचा हात वर. "सर, माल कमी आला की भाव चढतो म्हणता. मग ह्या चांदवडच्या पोराचा कांदा यंदा कमी पिकला, तरी त्याला भाव का नाही मिळाला?" पोरं बाकं वाजवायची आणि मला घाम फुटायचा. रविवारचा अख्खा दिवस मी सरांच्या नावानं बोटं मोडत उत्तर शोधायचो. आज मला जे काही अर्थशास्त्र येतं ते त्या रविवारांचं आहे.

सरांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली असताना त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. मूलबाळ नव्हतं. तेरावं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सर कॉलेजात हजर झाले, आणि तेव्हापासून बैठका लांबायला लागल्या. खडू पांढरा घ्यायचा की रंगीत, यावर दिवेलागण व्हायची. आम्ही एकमेकांना घड्याळं दाखवायचो. घरी जायची सायखेड्याची गाडी चुकली की भिका तोंडावर करवादायचा.

मग शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. आणि सोमवारी बघतो तर सर माझ्या शेवटच्या बाकावर! "शिकायचं वय संपलं असा ठराव कधी झाला?" असं मलाच विचारलं. तास निम्म्यावर आला तोच भिका रडवेलं तोंड करून दारात उभा राहिला. बाहेरच्या माणसांना वर्गात बसता येणार नाही, असा नव्या प्राचार्यांचा निरोप होता. सर उठले, वही काखेत मारली, "बरोबर आहे, नियम आहे," म्हणाले आणि गेले.

पण घरी नाही गेले. रोज सकाळी यायचे आणि फाटकाबाहेरच्या टपरीवर बसून राहायचे. समोर चहा, त्यावर साय धरलेली. एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, इथे धुळीत कशाला बसता? घरी जा ना!"

"घरी कोरम होत नाही हो," सर म्हणाले.

मी तसाच आत निघून आलो.

शनिवार उजाडला. नवे साहेब विद्यापीठात गेले होते, शनिवारची प्रथा मोडायला त्यांना अजून सवड झाली नव्हती, आणि पाळी होती माझी. मी खुर्चीत बसलो, घंटी दाबली, भिकाला नि साळवेबाईंना बोलावलं. निकम सरांना वर्गात बसू द्यावं, असं मी मांडलं. भिकानं माझं वाक्य पुरं व्हायच्या आत अनुमोदन दिलं.

"पण कुठल्या नात्यानं?" बाई म्हणाल्या. "ते आता विद्यार्थी नाहीत, स्टाफही नाहीत."

"बैल कुठल्या नात्यानं बसलता?" भिका म्हणाला.

झालं! पुढे नव्या साहेबांनी शनिवारची खुर्ची बंद केली, पण हा ठराव काही त्यांना फिरवता आला नाही. फिरवायला कोरम लागतो, आणि त्यांच्या बाजूनं माणसंच मिळेनात.

त्या शनिवारी ठराव होताच आम्ही तिघं तसेच टपरीवर गेलो. मी म्हटलं, "सर, सोमवारपासून वर्गात या. ठराव झालाय."

"कोरम होता?"

"तिघं होतो."

"नोंद काय म्हणून केली माझी?"

"निमंत्रित."

"म्हणजे बैलाची जागा!" सर खो खो हसले. हसता हसता थांबले आणि खाली बघत त्यांनी विचारलं, "विरोधात किती होते?"

"कुणी नव्हतं, सर."

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

सरांनी आम्हाला बोटानं मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. आणि समोरचा गार चहा उचलून एका दमात पिऊन टाकला.