सासरेबुवांनी काढलेली वायर

बंद पडलेल्या गाडीला तीन गोष्टी लागतात: बॅटरी, पेट्रोल आणि मत. पैकी पहिल्या दोन विकत आणाव्या लागतात. तिसरी घरपोच येते.

बर्फवाल्याची पिकअप बावीस वर्षांची होती. ती रोज चौथ्या चावीला सुरू व्हायची. (पहिल्या तीन चाव्या आळोखेपिळोखे देण्यात जात.) त्या सकाळी मागे बर्फाच्या चाळीस लाद्या होत्या. नऊच्या आत त्या मासळीबाजारात पोचल्या, तर वर्षभराचं काम नक्की, नाहीतर रामराम. असं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं.

दुसऱ्या चावीलाच मुक्कामी आलेले सासरे बाहेर आले.

"अहो जावईबापू, किती छळताय तिला!" त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर काढून बाजूला ठेवली. "जरा विश्रांती द्या." आणि ते चहाला आत गेले.

वायर काढल्यावर गाडी सुरू होत नाही, हे बर्फवाल्याला चांगलं ठाऊक होतं. पण सासऱ्यांनी काढलेली वायर जावयाने लावायची म्हणजे त्यांना अक्कल शिकवल्यासारखं. म्हणून त्याने तज्ज्ञ बोलावले.

तज्ज्ञ सात आले. कार्यपद्धती अशी: प्रत्येकाने बॉनेटमध्ये डोकावून "हं" म्हणावे; सुटी वायर पाहावी; ती कोणी काढली हे विचारावे; उत्तर ऐकून "वा, छान केलं" म्हणावे आणि दोष अन्यत्र शोधावा. शिंप्याने फ्यूज पुसले. निवृत्त हेडमास्तरांनी कार्ब्युरेटरला खडसावलं. खुद्द मेकॅनिकने "वायर सुट—" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासरे कपबशी घेऊन दारात आले. त्याने त्याच तोंडाने जांभई दिली. धक्का मारण्याचा ठराव आला, तो सासऱ्यांनी "विश्रांतीत धक्का कसला?" म्हणून फेटाळला. एकूण सूचना चौदा, अमलात आलेल्या अकरा, वायरीला स्पर्श करणारी एकही नाही.

एव्हाना मागून पाण्याची धार लागली होती. गाडी गळतेय, असं एकमताने निदान झालं आणि खाली बादली ठेवण्यात आली. बर्फवाल्याला रडू फुटायचं तेवढं राहिलं होतं.

नऊला पाच कमी असताना बायको बाहेर आली.

"अहो, ती वायर लावा की!"

"बाबांनी काढलीय गं."

"मग? बाबांना काय कळतंय गाडीतलं? त्यांनी कधी सायकल तरी चालवलीय का?" तिने वायर खोचून पाना फिरवला. चौथ्या चावीला गाडी सुरू झाली.

"बघा!" सासरे गरजले. "विश्रांतीचा गुण!" सातही तज्ज्ञांनी टाळ्या वाजवल्या.

बाजारात पोचायला साडेनऊ वाजले. काम दुसऱ्याला गेलं होतं. उरलेल्या बावीस लाद्या घेऊन तो परतला, तेव्हा सासरे ओट्यावरच बसले होते.

"पोचलात ना वेळेवर?"

"हो बाबा," बर्फवाला म्हणाला. "तुमच्यामुळेच."

हसताय? हसा की. साहेबांनी काढून ठेवलेली एक वायर तुमच्याही ऑफिसात तीन वर्षं तशीच पडली आहे. "छान केलंत साहेब" असं तेव्हा सगळ्यात मोठ्याने कोण म्हणालं होतं, ते आम्ही विचारत नाही.