कपाटातलं हवामान

दाखले कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर कोणालाही उकडत नाही, असं कार्यालयाने रीतसर जाहीर केलं, तेव्हा हेडक्लार्कबाईंच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला आणि ज्या कागदावर हे जाहीर केलं होतं त्याच कागदावर पडला. बाईंनी तो रुमालाने टिपला. शाई पसरली, निर्णय मात्र जसाच्या तसा राहिला.

त्याचं असं झालं, की जुन्या इमारतीला नवं रूप द्यायचं ठरलं. रूप म्हणजे काच. जुन्या भिंती पाडून पश्चिमेची अख्खी बाजू काचेची केली. ऊन आत येण्याची उत्तम तरतूद झाली. एकदा आत आलेल्या उष्णतेने बाहेर कसं जावं, याबद्दल नकाशा मौन बाळगून होता. खिडक्या तर सगळ्या बुजवल्याच, कारण अख्ख्या इमारतीला एकच मोठा एसी बसणार होता. फक्त हेडक्लार्कबाईंच्या खुर्चीमागची एक खिडकी वाचली, तीही कोणाच्या दयेने नाही, तर कंत्राटदाराची काच कमी पडली म्हणून.

या खिडकीवर बाईंचा जीव होता. बाईंचं वय असं होतं, की काही कारण नसताना, बसल्याजागी, छातीतून एक भपकारा उठायचा आणि मानेवरून कानशिलांपर्यंत चढत जायचा. कान तापायचे, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, समोरचा अर्जदार काय बोलतोय ते कळेनासं व्हायचं. मग बाई खिडकीची कडी काढायच्या, तोंड बाहेर काढून जरा वेळ उभ्या राहायच्या आणि पुन्हा माणसात यायच्या. शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट तेवढ्या वेळात त्यांना फाइलने वारा घालायची. याबद्दल दोघींमध्ये कधी बोलणं झालं नव्हतं. बोलायचं काय त्यात!

आता एसीचं. गच्चीवरच्या त्या अवाढव्य मशिनरीने कधी चालू व्हायचं आणि कधी बंद, हे एक हातात मावेल एवढं यंत्र ठरवतं. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. ते ज्या खोलीत असतं तिथली हवा चाखून बघतं. गरम लागली तर मशिनरीला उठवतं, गार लागली तर झोपवतं. ते हॉलच्या भिंतीवर बसायचं होतं. पण कार्यालयाचा एक नियम होता: किमती उपकरण वरिष्ठांच्या ताब्यात, कुलूपबंद. त्यामुळे साहेबांनी ते आपल्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. केबिनमध्ये साहेबांचा स्वतःचा वेगळा एसी होता. काम चालू असताना तात्पुरता म्हणून लावला होता आणि तात्पुरत्या गोष्टींप्रमाणेच तो पक्का झाला होता.

कपाट गार पडलं. यंत्राने हवा चाखली, ती छान होती. गच्चीवरची मशिनरी गाढ झोपली. हॉलमध्ये माणसं भाजून निघायला लागली.

बाई तशा भिडस्त नव्हत्या. त्या थेट केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, बाहेर अंगाची लाही लाही होतेय."

साहेबांनी कपाट उघडलं, वाकून बघितलं, पुन्हा बंद केलं. "चोवीस आहे, बाई."

"ते कपाटात आहे, साहेब. आम्ही हॉलमध्ये आहोत."

"मग तुमचं म्हणणं काय, एवढं महागाचं यंत्र बाहेर उघड्यावर टांगायचं?"

"भिंतीला स्क्रूने घट्ट बसवतात ना ते."

"स्क्रू काढता येतो," साहेब गंभीरपणे म्हणाले. "हरवलं तर तुम्ही भरून देणार?"

बाईंनी कपाळाला हात लावला. कपाळ ओलं होतं, हात सरकला.

तरी साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी इंजिनिअरला बोलावलं. इंजिनिअर हॉलमध्ये आला, त्याच्या चष्म्यावर वाफ धरली, तो त्याने पुसला आणि केबिनमध्ये जाऊन कपाटातला आकडा लिहून घेतला. आकडा चोवीसच होता.

"उष्णता नेहमी गरमकडून गारकडे जाते," त्याने सगळ्यांना समजावलं. "इमारत गार आहे, हे तर यंत्रानेच सिद्ध केलंय. म्हणजे जी काही उष्णता आहे ती बाहेरून येतेय. कुठून येतेय?" त्याने बोट दाखवलं. "त्या खिडकीतून."

"अहो, बाहेर आतल्यापेक्षा गार आहे!" बाई उसळल्या. "हात घालून बघा तरी!"

"शक्यच नाही. आत चोवीस आहे."

खिडकी बुजवली. कडी काढून नेली, कारण खिडकीच नाही तर कडी कशाला? बाई त्या जागी उभ्या राहून बघत राहिल्या. त्यांना रडू आलं, पण घाम एवढा होता की ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

खिडकी गेल्यावर हॉल आणखी तापला. इंजिनिअर चक्रावला. हा माणूस हाडाचा अभ्यासू; हार मानणारा नव्हे. त्याने एक कॅमेरा आणला. या कॅमेऱ्यात माणसाचे नाकडोळे दिसत नाहीत, त्याची उष्णता दिसते: गार ते निळं, गरम ते लाल आणि फारच गरम असेल ते पांढरंफटक. त्याने हॉलवर कॅमेरा फिरवला आणि नेमक्या त्याच वेळी बाईंना भपकारा आला.

"सापडलं!" इंजिनिअर ओरडला. "साहेब, उगम सापडला!"

पडद्यावर सगळा हॉल लाल होता आणि मधोमध हेडक्लार्कबाई दिव्यासारख्या पांढऱ्या झळकत होत्या. साहेबांनी पडद्याकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं. इतकी वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाने असं करावं, याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"बाई, तुम्ही आधी सांगायचं होतं हो."

"काय सांगायचं होतं?" टायपिस्ट मध्येच तडकली. "हे सांगत असतं होय कोणी?"

पण उगम सापडल्यावर उपाय करणं भाग होतं. गच्चीवरच्या गरम पाण्याच्या पाइपांना ग्लासवूलचं जाड अस्तर गुंडाळतात, म्हणजे त्यांची उष्णता बाहेर पडत नाही. तेच अस्तर लावलेल्या फळ्या बाईंच्या टेबलाभोवती चारी बाजूंनी उभ्या केल्या. आत जायला एक फट आणि अर्ज सरकवायला एक खाच ठेवली.

"आत माझं काय होणार?" बाईंनी विचारलं.

"पाइपांची आजवर तक्रार नाही," इंजिनिअर म्हणाला.

एवढं करूनही पडद्यावरचा हॉल लालच राहिला. मग इंजिनिअरने हिशेब मांडला, की नुसता बसलेला माणूस एका जुन्या बल्बएवढी उष्णता टाकतो आणि काम करणारा त्याहून जास्त. त्यामुळे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना लेखी समज देण्यात आली. जे शांत बसून होते त्यांचं साहेबांनी जातीने कौतुक केलं; त्यांतल्या काहींना आपण इतकी वर्षं ऊर्जा वाचवत होतो हे पहिल्यांदाच कळलं. अर्जदारांचं प्रकरण तर फारच गंभीर निघालं. रांगेत उभा असलेला अर्जदार आधीच गरम असतो, आणि उद्या या म्हटलं की कॅमेऱ्यात पांढरा होतो. तेव्हा अर्जदारांनी बाहेर बाकावर बसून निवावं आणि मगच आत यावं, अशी पाटी लागली. हा बाक साहेबांच्या एसीचं बाहेरचं धूड जिथे गरम फुफाटा टाकतं, नेमका त्याच्यासमोर होता. केबिनमधली उष्णता अशी वाया न जाता थेट जनतेपर्यंत पोचायला लागली. निवलेला अर्जदार काही कोणाला दिसला नाही. दाखले देणं आपोआप थांबलं.

वीज वाचवणाऱ्या इमारतींना गौरवणारी समिती आली, तेव्हा कार्यालयात मोजकी माणसं होती आणि तीही श्वास बेताने घेत होती. समितीला कपाट दाखवलं. चोवीस. विजेचा वापर दाखवला. नगण्य. तक्रारी? एकही नाही, कारण तक्रार घेणारा काम करताना आढळल्याने त्याला घरी बसवलं होतं. तेवढ्यात फळ्यांच्या आतून धप्प आवाज आला.

टायपिस्ट धावली. बाई खुर्चीवरून खाली घसरल्या होत्या, ओठ कोरडे, डोळे मिटलेले. "बाई! अहो बाई, डोळे उघडा ना!" तिने त्यांना फरफटत बाहेर ओढलं आणि पाण्याचा अख्खा जार त्यांच्या डोक्यावर ओतला. इंजिनिअरने लगबगीने कॅमेरा रोखला. पडद्यावर बाई निळ्याशार दिसत होत्या.

"उगम थंड झाला," तो समितीला म्हणाला. समितीने टाळ्या वाजवल्या.

इमारतीला गौरवचिन्ह मिळालं. साहेबांना बढती मिळाली. हाच प्रयोग सगळ्या कार्यालयांत करायला त्यांना वर बोलावून घेतलं. त्यांच्या जागी कोण? सेवाज्येष्ठतेने हेडक्लार्कबाई. साहेबांनी केबिनचा ताबा आणि कपाटाची किल्ली त्यांच्या हातात दिली.

बाई केबिनमध्ये शिरल्या आणि दारातच थबकल्या. असा गारवा त्यांनी कितीतरी दिवसांत अंगावर घेतला नव्हता. त्या खुर्चीवर बसल्या. खुर्चीसुद्धा गार होती. त्यांना खरोखर आनंद झाला.

थोड्या वेळाने टायपिस्ट आत आली. बिचारीचा ड्रेस पाठीला चिकटला होता. तिच्या एका हातात चार स्क्रू होते, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर.

"बाई... मॅडम," ती हसून म्हणाली, "काढू या ना ते यंत्र बाहेर? भिंतीवर जागाही बघून ठेवलीय मी. दहा मिनिटांचं काम."

बाईंनी किल्ली उचलली. कपाटापर्यंत गेल्याही. तेवढ्यात छातीतून भपकारा उठला. बाई सवयीने वळल्या, पण या वेळी खिडकीकडे नाही, एसीकडे. डोळे मिटून उभ्या राहिल्या. गार झोत मानेवर आला आणि भपकारा कानांपर्यंत पोचायच्या आतच विरला. असं कधीच झालं नव्हतं. मग त्यांना ताबा घेताना सही केलेल्या कागदावरची ओळ आठवली: यंत्र हॉलमध्ये गेलं की मोठा एसी सगळीकडे सारखाच चालणार, आणि केबिनमधला हा वेगळा एसी जादा ठरून काढून नेणार. सगळ्यांना पुरेल एवढा गारवा मिळणार, बाईंनाही मिळणार. पुरेल एवढाच.

"ठेव ते स्क्रू टेबलावर," बाई म्हणाल्या. "बघू."

"कधी बघू?"

"नियमात कसं बसतंय ते बघायला नको का? आणि हे बघ, जाताना दार नीट ओढून घे. गारवा जातोय."

टायपिस्टने स्क्रू टेबलावर ठेवले. मग तिने दार ओढून घेतलं.

आला ना राग बाईंचा? यायलाच हवा. ज्या बाईने एवढं सोसलं तिनेच असं करावं? छे, माणसांना काही धरबंधच उरला नाही. पण रागावता रागावता जरा मान वर करून बघा. तुमच्या खोलीतला पंखा नेमका कोणाच्या डोक्यावर फिरतोय, आणि घरातलं दुसरं माणूस घाम पुसत कुठे बसलंय? उठून जागेची अदलाबदल करायला फार वेळ लागत नाही. करताय ना?

काय म्हणालात? बघू?