सेतू मास्तर आणि निजलेली चित्रं

सेतू मास्तरांच्या वर्गात पोरांना काहीही काढायची मुभा होती, फक्त डोळे सोडून. हत्ती काढा, त्याची सोंड पार कावेरीपलीकडे न्या. अप्पा काढा, त्यांना तीन हात द्या. मास्तर हूं की चूं करत नसत. पण डोळ्यांची जागा कोरी सोडायची. शुक्रवारी दुपारी राहुकाळ टळला की मास्तर हातपाय धुऊन, तोंडातलं पान थुंकून, पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसत. कानामागचा खारीच्या केसांचा कुंचला हातात घेत आणि आठवडाभराच्या चित्रांचे डोळे एकेक करून उघडत.

‘उघडत’ हा त्यांचा शब्द. मी एकदा ‘रंगवता’ म्हटलं तर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “रंगवायचं भिंतीला, अम्मा. डोळे उघडायचे असतात.”

त्यांचं घराणं तंजावरी चित्रं करणाऱ्यांचं. सोन्याचा वर्ख, काचेचे खडे, लोण्याचा गोळा घेतलेला बाळकृष्ण. त्या कामात देवाचे डोळे अगदी शेवटी, मुहूर्त बघून काढतात. तोवर देव निजलेला. रीत देवासाठी होती. मास्तरांनी ती चौथीतल्या पोरांच्या बकरीलाही लागू केली. डोळे न उघडलेल्या चित्रांजवळ ते कुजबुजत बोलत, टाचा उचलून चालत. कुणी दार आपटलं तर ओठांवर बोट, “श्श्! निजलंय ते.” आणि डोळे उघडलेल्या चित्रासमोर डबा खायचा झाला तर चित्रातल्या कावळ्यापुढं आधी दहीभाताची दोन शितं. तो बघत असताना आपण एकट्यानं कसं जेवायचं, असा त्यांचा सवाल.

राहायचे मेलवीथी नावाच्या रस्त्यावरच्या एका खोलीत, एकटे. लग्न केलं नव्हतं. माझं मत असं की मुलगी बघायला गेले असतील आणि तिच्या डोळ्यांत खोट काढून आले असतील. हे मत मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं होतं, ते बाहेर व्हरांड्यात असताना.

आता, हे असं मत व्हरांड्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलणारी बाई कोण, तर मी. त्या प्राथमिक शाळेची हेडमिस्ट्रेस. गावाच्या तोंडी ‘एचेम अम्मा’. मी आणि मास्तर दोघंही तंजावरची मराठी माणसं. म्हणजे भांडण मराठीत, बाजार तमिळमध्ये आणि अर्ज इंग्रजीत. तेव्हाच्या त्या बेचाळीस वर्षांच्या एचेमबद्दल चारचौघांत बोलायला मला फार आवडतं, कारण ती आता उलटून बोलू शकत नाही.

देशाची दारं उघडली असं तेव्हा पेपरात रोज येत होतं. त्या दारातून आमच्या तंजावरात काय आलं? छपरांवर केबलच्या तबकड्या, चोवीस रंगांचे तेलखडू, आणि मद्रासचं तीन दिवसांचं शिक्षक शिबिर. एसी हॉलमधल्या त्या शिबिरातून मी दोन गोष्टी घेऊन आले, सर्दी आणि ‘आत्माविष्कार’ हा शब्द. सर्दी आठवड्यात गेली. मुलानं चित्र काढायचं नसतं, व्यक्त व्हायचं असतं, असं मी सांगत सुटले. कांजीवरम पेटीत गेली आणि अंगावर हातमागाची चुरगळलेली साडी आली. कपाळावरचं कुंकू वाढत वाढत रुपयाच्या नाण्याएवढं झालं. नवरा म्हणाला, “अगं, तुझ्याकडं बघून भिकारी पैसे मागायचे थांबलेत.” त्याच्याशी मी व्यक्त होणं बंद केलं.

आणि मग मी प्रदर्शन ठरवलं. बालकांच्या आत्माविष्काराचं प्रदर्शन, उद्घाटनाला मद्रासचे बालकलातज्ज्ञ डॉक्टर विश्वंभरन. मास्तरांना खोलीत बोलावून घेतलं. ते नेहमीसारखे बंद छत्री धरून उभे राहिले.

“मास्तर, यापुढं मुलांच्या चित्राला मोठ्या माणसाचा हात लागता कामा नये.”

“सरी, अम्मा. बरं. मग डोळे?”

“मुलं काढतील. जसे जमतील तसे. बटणासारखे आले तर बटणासारखे.”

मास्तरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. “बटणाला दिसतं काय, अम्मा?”

“दिसायचा प्रश्न नाही, मास्तर. व्यक्त व्हायचा प्रश्न आहे. तुम्ही सगळ्या चित्रांना एकच डोळे चिकटवता. तेच मासोळीसारखे, कानापर्यंत गेलेले. देवी तशीच, बकरी तशीच, पोस्टमनही तसाच. याला काय कला म्हणायची?”

हे वाक्य मी बोलले. ऐकणारे अजून हयात आहेत, नाहीतर नाकारलं असतं.

मास्तर “सरी, अम्मा,” म्हणाले, आणि चित्रांच्या कपाटाची किल्ली ठेवून गेले.

पुढचे तीन आठवडे चित्रकलेचा तास मीच घेतला. रांगांमधून फिरायचं आणि “आतून येऊ दे, आतून येऊ दे” म्हणायचं, एवढीच माझी शिकवणी. पोरं माझ्याकडं असं बघायची, जणू मी त्यांना एरंडेल पाजलंय.

चौथीत वळ्ळी नावाची मुलगी होती. तिचे अप्पा आखातात कामाला. दोन महिन्यांच्या रजेवर आले होते आणि नेमके प्रदर्शनाच्या रविवारीच, संध्याकाळी पाचच्या बसनं परत निघायचे होते. दोन वर्षं पुन्हा दिसणार नव्हते. त्यांनी बरोबर न्यावं म्हणून वळ्ळीनं स्वतःचंच चित्र काढलं होतं. पिवळा फ्रॉक, सायकलच्या हँडलसारख्या दोन वेण्या, डोक्यापेक्षा मोठा मोगऱ्याचा गजरा. डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या कोऱ्या खिडक्या.

रोज विचारायची, “मिस, मास्तर उघडतील ना? अप्पा जायच्या आत?”

“तूच उघड.”

“मला येत नाही, मिस.”

“येतं. आतून येऊ दे.”

वळ्ळीनं घाबरून घशाला हात लावला. आतून काय येतं, ते तिला एकच माहीत होतं.

रविवारी सकाळी चित्रं दोऱ्यांवर टांगली, चार पावलं मागं सरून पाहिलं. त्रेचाळीस चित्रं आणि एकालाही डोळे नाहीत. आंधळे हत्ती, आंधळ्या पाट्ट्या म्हणजे आज्या, मोपेडवरून भरधाव निघालेले आंधळे अप्पा. तीन आठवडे मी रांगांमधून फिरत होते, पण फिरताना मी मुलांचे चेहरे बघत होते, माझ्या बोलण्याचा परिणाम दिसतोय का म्हणून. चित्रं बघायची राहूनच गेली होती.

“काढा!” मी ओरडले. “आत्ताच्या आत्ता डोळे काढा!”

एकही हात हलला नाही. वळ्ळी म्हणाली, “मिस, आम्ही उघडले आणि चुकलं तर ते कायमचं आंधळं होईल.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग मी स्वतःच पेन घेतलं आणि दुसरीतल्या एका मुलाच्या आजोबांना दोन ठिपके दिले. आजोबा असे दिसायला लागले की नुकतीच चोरी करून निघालेत. मुलानं जे भोकाड पसरलं, “माझ्या तात्तांना काय केलंस!” ते शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं.

फाटकाशी मास्तर बसले होते. त्या दिवशी त्यांना कुठलं काम द्यावं, हा प्रश्न मी कल्पकतेनं सोडवला होता. पाहुण्यांच्या चपला सांभाळायला बसवलं होतं. चित्रकलेच्या मास्तरांना. मी.

विश्वंभरन तीनला येणार होते, ते चारला आले. सोनेरी काड्यांचा चष्मा, खादीचा झब्बा. पहिल्या चित्रापाशी थांबले, दुसऱ्यापाशी थांबले, मग सगळ्या हॉलभर फिरून मध्यभागी उभे राहिले.

“अद्भुत!” ते म्हणाले.

मग अर्धा तास इंग्रजी मिसळलेल्या तमिळमध्ये बोलले. त्याचा सारांश असा की, बाजारानं डोळे दिपवून टाकलेल्या काळात या चिमुकल्यांनी बघायलाच नकार दिला आहे. हा कोरेपणा म्हणजे निषेध आहे. एवढं धाडस त्यांनी मद्रासमध्येही पाहिलं नव्हतं. “मॅडम, ही कल्पना मुलांची की तुमची?”

मी मान खाली घातली, विनयानं, आणि म्हणाले, “आम्ही फक्त वाट मोकळी करून दिली.”

टाळ्या पडल्या. माझं कुंकू आणखी चार आण्यांनी वाढलं असावं.

तेवढ्यात वळ्ळी उभी राहिली. “सार, निषेध नाही. ती निजलीयेत. मास्तर आले नाहीत अजून.”

हॉलमध्ये हसू पसरलं. वळ्ळी हसली नाही. मागच्या भिंतीला टेकून तिचे अप्पा उभे होते, खांद्याला बॅग अडकवून, सारखे घड्याळ बघत. “असू दे, कण्णू,” ते म्हणाले, “असंच नेतो.”

“असं नको! तिकडं गेल्यावर तुम्ही मला दिसणार नाही!” आणि ती पोर बाहेर पळाली.

मी खिडकीतून बघितलं. ती मास्तरांचा हात ओढत होती आणि मास्तर मान हलवत होते. ते काय म्हणत असतील ते मला ऐकू न येताही कळलं. एचेम अम्मांची आज्ञा आहे.

आता माझ्यापुढं दोन रस्ते होते. एक म्हणजे विश्वंभरनना कॉफी द्यायची. खरं सांगते, मी कॉफीच्या फ्लास्कला हात घातलाही होता. झाकण घट्ट बसलं होतं, उघडेना. ते उघडता उघडता त्या बापाकडं लक्ष गेलं. तो चित्रासमोर येऊन उभा होता आणि वाकून, मान तिरकी करून, चित्रातल्या मुलीच्या नजरेसमोर यायचा प्रयत्न करत होता. नजरच नव्हती, तर समोर कुठून येणार?

फ्लास्क ठेवला आणि अनवाणीच फाटकाशी गेले.

“मास्तर, आत या.”

“चपला आहेत, अम्मा.”

“चपला जाऊ देत चुलीत. डोळे उघडायचेत.”

मास्तरांनी आभाळाकडं बघितलं. “राहुकाळ लागला, अम्मा. रविवारी साडेचारला लागतो.” मास्तरांनी वळ्ळीकडं बघितलं, मग उठले, छत्री तिच्या हातात दिली. “राहूचं मी बघून घेईन. बस काय त्याच्यासाठी थांबत नाही.”

हॉलमध्ये पाट मिळाला नाही, तेव्हा जमिनीवरच बसले. शाईची वाटी मी धरली. तेवढीच माझी लायकी उरली होती. विश्वंभरन पुढं झाले. “अहो, हे काय? तो कोरेपणा हेच तर विधान आहे!”

मास्तर त्यांना कुजबुजले, “हळू बोला, सार.”

आणि मग त्यांनी वळ्ळीच्या अप्पांना विचारलं, “हे तिकडं कुठं लावणार?”

“खोलीत सहा जण असतो, अय्या. माझ्या खाटेपाशी, भिंतीवर.”

“भिंत खाटेच्या कुठल्या अंगाला?”

“उजव्या.”

“निजताना तोंड भिंतीकडं की खोलीकडं?”

“भिंतीकडं,” म्हणाला. “खोलीत दिवा चालू असतो.”

“चित्र डोक्याच्या वर ना? मग हिला खाली बघू दे.” मास्तरांनी दोन मासोळ्या काढल्या, त्याच त्या, कानापर्यंत गेलेल्या. आणि बुबुळं टेकवली खाली, जराशी डावीकडं, जिथं उशी असेल तिथं. शाई लवकर वाळावी म्हणून मी वाकले, तर माझा हात धरला. “फुंकर नको, अम्मा! डोळ्यांत फुंकतं काय कुणी?”

बापानं चित्र गुंडाळलं नाही. दोन्ही हातांत सपाट धरून, ताट नेतात तसं नेलं. वळ्ळी पुढं रस्ता मोकळा करत धावली. बस मिळाली.

बाकीच्या पोरांची रांग लागली होती. मास्तर प्रत्येकाला विचारत होते. ही पाट्टी कुणाकडं बघते? दुधाकडं, उतू जातंय. ही बकरी? कसाई येतो त्या रस्त्याकडं. पोस्टमन? कुत्र्याकडं. तात्तांनाही त्यांनी माझ्या ठिपक्यांतून सोडवलं. मी वाटी धरून बघत होते. आकार सगळ्यांचा तोच होता, पण एकाचीही नजर दुसऱ्यासारखी नव्हती. नऊ वर्षं शुक्रवारच्या शुक्रवारी हा माणूस पोरांच्या मनातलं विचारून घेत होता, आणि मी त्याला चपलांपाशी बसवलं होतं. विश्वंभरन कधी निघून गेले ते कळलं नाही. कॉफी मात्र पिऊन गेले.

सगळे पांगल्यावर दोरीवर एकच चित्र राहिलं होतं. पहिलीतल्या कुणा मुलीनं काढलेलं. एक काटकुळा माणूस, हातात छत्री, कानामागं कुंचला. डोळे कोरे.

“मास्तर, हे राहिलं.”

“राहू दे, अम्मा. त्या पोरीला विचारलं, हा कुणाकडं बघतो म्हणून. तिनं मलाच विचारलं. मास्तर, तुम्ही घरी गेलात की कुणाकडं बघता?” ते कुंचला धुवत होते. पाणी केव्हाचं स्वच्छ आलं होतं, तरी धुवत होते. “सांगता आलं नाही.”

याला काय म्हणायला हवं होतं, त्याची आता मला पाच-सहा उत्तरं सुचतात. त्या संध्याकाळी, आत्माविष्कारावर दीड तास बोलू शकणाऱ्या बाईनं मनगटावरचं घड्याळ बघितलं.

मी म्हणाले, “मास्तर, हॉल बंद करायची वेळ झाली.”

“सरी, अम्मा,” ते म्हणाले, आणि एकेक खिडकी लावायला लागले.