हवालदारांचे परदेशी पाहुणे

गणपत हवालदारांच्या अंगणात कुणी नुसतं सावलीला जरी उभं राहिलं, तरी जेवल्याशिवाय त्याची सुटका नसे. एकदा बिल थकलं म्हणून वायरमन त्यांची लाईट तोडायला आला. हवालदारांनी आधी त्याला पाटावर बसवलं, पिठलं-भाकरी वाढली, वर ताक पाजलं आणि मग स्वतः शिडी धरून उभे राहिले. वायर तोडून तो निघाला तेव्हा म्हणाले, "फुडच्या टायमाला सवडीनं या. आज लय घाई केली तुमी."

मी सांगलीचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोरेगाव तालुक्याच्या कोरड्या बाजूला एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला गेलो आणि हवालदारांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. फौजेतून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांचा, ताठ कण्याचा माणूस. बायको वारलेली. एकुलती एक लेक, सुमन, फलटणकडे कालव्याच्या भागात दिलेली. घरात एकटे, पण बोलणं सगळं घर भरलेलं असल्यासारखं. "आमच्यात कमी कशाचीच न्हाई, मास्तर!" हे दिवसातून कितीदा तरी ऐकायला मिळे. घरातली साखर संपली तर ते कधी कबूल करत नसत. म्हणत, "आज च्या मुद्दाम बिनसाखरेचा केलाय. तब्येतीला बरा असतोय."

गावात पाण्याची बोंब होती. होळीच्या आधीच विहिरी तळाला जात. मग टँकर, आणि टँकर चुकला की बायका ओढ्यातल्या झऱ्यावर वाट्या घेऊन बसत. मी कृष्णाकाठचा माणूस, मला हे बघून धडकी भरे. हवालदारांना विचारलं तर म्हणत, "पानी हाय की! जरा लांब हाय, येवढंच."

अशात गावात बातमी आली की परदेशी पैशातून नळ येणार. साताऱ्याहून इंजिनिअरसाहेब आले आणि देवळात सभा भरली. साहेबांनी घाम पुसत पुसत समजावलं, की श्रीमंत देश मिळून पैसा घालतात, तो एका मोठ्या बँकेत जातो, बँक दिल्लीला देते, दिल्ली मुंबईला, मुंबई साताऱ्याला, आणि साताऱ्याहून तो पाइप होऊन आपल्याकडे येतो. मी एम.ए. झालेला, पण मला ओ की ठो कळलं नाही. इतक्या हातांतून गेल्यावर पाइप निदान वाकडा तरी येईल असं वाटलं.

हवालदार उठले. "साहेब, ह्यो आहेर हाय का उसनवारी?"

"थोडं दोन्ही," साहेब म्हणाले. "काही मदत, काही कर्ज. पण फेडायला घाई नाही. पुढच्या पिढीपर्यंत मुदत आहे."

"म्हंजी पानी म्या पिणार आन् फेडणार माझा नातू?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"त्यो अजून जल्माला याचाय साहेब. त्येला इचारलं का कुणी?"

देऊळ हसलं. साहेबही हसले, पण जरा उशिरा. मग हवालदारांनी आणखी विचारलं, की आपल्याला नळ दिल्यावाचून त्या श्रीमंतांचं अडलंय काय? साहेबांनी पुन्हा घाम पुसला. मी त्यानंतर पुष्कळ वर्तमानपत्रं वाचली, तरी मलाही ते अजून कळलेलं नाही.

एवढं मात्र कळलं, की ज्या गावाला जास्त गरज त्याला आधी नळ, आणि गरज बघायला परदेशी माणसं स्वतः येणार. दुभाष्या म्हणून माझी नेमणूक झाली. हवालदारांनी सगळ्या गावाला फौजेसारखं रांगेत फॉलिन करून जाहीर केलं, "पाव्हणं येत्यात. बंदोबस्त माझ्याकडं."

आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांनी टँकरचं पाणी पुरवून पुरवून साठवायला लावलं. पाहुण्यांच्या दिवशी प्रत्येक दारात घासून लख्ख केलेल्या घागरी-कळशांची उतरंड, काठोकाठ भरलेली. रस्त्यावर सडा. हवालदारांच्या अंगणात पाय धुवायला ऊन पाण्याचं घंगाळ. एक उंच, गोऱ्या बाई आणि त्यांच्यासोबत दोन साहेब जीपमधून उतरले आणि बघतच राहिले. पंक्तीला पुरणपोळी होती. बाईंनी विचारलं, "पाण्याची टंचाई आहे का?" मी ते हवालदारांना मराठीत विचारलं. हवालदार छाती काढून म्हणाले, "कमी कशाचीच न्हाई!"

मी इंग्रजीत सांगितलं की टंचाई फार आहे. बाईंनी उतरंडीकडे पाहिलं, घंगाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या इंग्रजीवरचा त्यांचा विश्वास तिथेच उडाला.

पुढे साताऱ्याहून निरोप आला की आपलं गाव यादीत मागे गेलं. पाण्याची स्थिती समाधानकारक आढळली. गावात हलकल्लोळ झाला. बायका हवालदारांच्या दारात आल्या. "आवं आबा, तुमच्या त्या उतरंडीपायी आमचा नळ गेला!"

हवालदार खरोखर गोंधळले. "आगं, पाव्हण्याफुडं रिकामी घागर ठिवायची व्हय? आपल्यात अशी रीत हाय का?"

मला दोन्ही बाजू पटत होत्या. अडचण लपवली की नळ जातो, आणि दाखवली तर माणूस मान खाली घालतो. यातलं कुठलं बरं, हे ठरवण्याइतका मी हुशार नव्हतो.

इंजिनिअरसाहेबांनी हातापाया पडून पाहुण्यांना पुन्हा एकदा यायला राजी केलं. आता हवालदारांना गरीब व्हायला शिकवणं माझ्याकडे आलं.

"म्हणा आबा, आमच्याकडे पाणी नाही."

"आमच्याकडं पानी... मागनं येतंय."

"नाही म्हणायचं."

"आवं मास्तर, सरहद्दीवर दुश्मनाफुडं कवा हात वर केलं न्हाईत, आता पाव्हण्याफुडं करू व्हय?" शेवटी तडजोड झाली. ते तोंडच उघडणार नव्हते. "पर जेवाय वाढणार," एवढी अट त्यांनी घातली.

पाहुणे आले. या खेपेला दारोदार घागरी आडव्या पडलेल्या. हवालदार अंगणात सावधान उभे, चेहरा घरात मयत झाल्यासारखा. बाईंनी गाव पाहिलं आणि मग आपणहून त्यांच्या घरात शिरल्या. मी मागोमाग गेलो. माजघरात मीही कधी गेलो नव्हतो. तिथे नव्याने विणलेली बाज होती. कोपऱ्यात शेणींची, म्हणजे गोवऱ्यांची, चळत आणि घासलेला तांब्याचा बंब. आणि दोरीवर ओळीने चिमुकली दुपटी-लंगोट, जुन्या धोतराची, कडा जाड हाताने शिवलेल्या.

बाईंनी विचारलं, हे कुणाचं? हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. न बोलण्याचं कबूल केलेलं. मी म्हणालो, "सांगा आबा."

"सुमनला दिस गेल्यात," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "पयलं बाळातपन म्हायेरी असतंय आमच्यात. बाज इणली, शेणी थापल्या, डिंक आनला. पर सासरची मानसं धाडत न्हाईत. म्हंत्यात, तुमच्यात बाळतिणीच्या आंगुळीला पानी न्हाई." त्यांनी मान खाली घातली. "खरं हाय त्येंचं. न्हाई पानी."

इतके दिवस ज्याला मी बढाई समजत होतो, ती या माणसाची एकट्याने चाललेली झाकपाक होती. कसंबसं मी बाईंना इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे मुलगी पहिल्या बाळंतपणाला आईच्या घरी येते. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हिची आई कुठे आहे?"

मी प्रश्न हवालदारांना सांगितला.

दोरीवरून घसरलेलं एक दुपटं उचलून ते घडी घालत होते. "म्हनून तर शिकाया लागलं मला," ते म्हणाले. "शेजारच्या जनाबाईकडनं शिकलो. उशी पायावर घिऊन न्हाऊ घालून बघितलं, पार हात बसंस्तवर. बाईस्नी सांगा मास्तर, सुमनची आई आता मीच हाय."

नळ मंजूर झाला. पण तो इतके देश आणि इतकी शहरं फिरून आला की तोवर सुमन फलटणकडेच बाळंत झाली. ती माहेरी आली तेव्हा पोरगं चालायला लागलं होतं. आल्या आल्या हवालदारांनी न्हाणीत पाय पसरले आणि नातवाला त्यावर पालथं घातलं. त्याचे पाय त्यांच्या पावलांच्या बाहेर लोंबत होते आणि त्याने भोकाड पसरलं होतं.

"आबा, मोठा झाला त्यो आता," सुमन म्हणाली. "उभ्यानं आंगूळ करतोय."

"असू दे गं," हवालदार म्हणाले. "येवढं शिकलोय तर करू दे मला." आणि त्यांनी पोराच्या डोळ्यांवर आडवा हात धरून पहिला तांब्या ओतला.