सैल बेरिंग, दोन मार्क

बेरिंग खोबणीत ठेवलं आणि ते आपलं आपणच आत गेलं, तेव्हा लिंबाजीनं हातातली हातोडी खाली ठेवली. ठोकलं नाही, दाबलं नाही, नुसतं बोट लावलं आणि टुपकन आत! इंजिनाचं बेरिंग असं बसत नसतं. त्याला हातोडीनं विनवावं लागतं, दोनचार शिव्या द्याव्या लागतात, तेव्हा कुठं ते जागेवर जातं.

"वा! किती अलगद बसलं बघ!" गॅरेजात स्टुलावर बसलेले विष्णुपंत गुरुजी खुश होऊन म्हणाले.

"त्योच तर वांदा झालाय, गुर्जी," लिंबाजी म्हणाला.

गाडी गुरुजींची होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जळकोटजवळ, हायवेला लागून असलेल्या आपल्या शेतात हुरडा पार्टी सुरू केली होती. यंदा नात श्रियाच्या हट्टापायी पाहुण्यांना रानातून फिरवायला चार चाकांची एक जुनी फटफटी घेतली. श्रिया तिला एटीव्ही म्हणायची, गुरुजी 'वाहन' म्हणायचे आणि गावानं तिचं नाव बेडूक ठेवलं होतं. इंजिन जुनं, टू-स्ट्रोक, पेट्रोलात ऑइल मिसळून चालणारं. असली इंजिनं उघडणारा त्या पट्ट्यात आता एकटा लिंबाजीच उरला होता. शनिवारी सोलापूरहून चाळीस पाहुण्यांची बस येणार होती. आणि आज होता गुरुवार.

"बेरिंगच्या आतल्या गोळ्या फिराव्यात, गुर्जी. आख्खं बेरिंग न्हाय. ही खोबण झिजलीया. असंच बसीवलं तर शनवारी पाव्हणे रानात आन् बेडूक भंगारात."

"मग उपाय?"

"सोलापुरात बेरिंग चिकटवायचं औषध मिळतं. झीज थोडी हाय, धरंल पक्कं. उद्याच्या यष्टीनं मागिवतो की."

पण बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस असा औषधावर थोडाच भागवणार! "औषध कशाला?" गुरुजी स्टुलावरून उठलेच. "उष्णतेनं धातू प्रसरण पावतो. हे केसिंग, म्हणजे इंजिनाचं कवच, तापवायचं. धातू फुगला की भोक आवळतं. बेरिंग जाम!"

"गुर्जी, तापिवलं की भोक मोठं व्हतं."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "लिंबाजी, हेच उत्तर तू सातवीच्या सहामाहीत लिहिलं होतंस. मी किती मार्क दिले होते?"

"शून्य."

"कितीपैकी?"

"दोनपैकी."

लिंबाजी बायकोचा वाढदिवस विसरेल, पण हे शून्य विसरणार नाही. त्याचे वडील बैलगाडीच्या चाकांवर धाव चढवायचे. धाव म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं. ते लालभडक तापवायचं, तापून मोठं झालं की लाकडी चाकावर घालायचं आणि पाणी ओतायचं, की आवळून बसलंच! पोरानं डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं आणि शून्य मिळवलं. वर दिवसभर वर्गाबाहेर अंगठे धरून उभा राहिला. घरी येऊन सांगितलं तर बाप म्हणाला, "गुर्जी म्हनत्यात तर आवळत आसंल बाबा," आणि पुढची धाव तापवायला घेतली.

ती उत्तरपत्रिका लिंबाजीनं फाडली नाही. दप्तराच्या पत्र्याच्या पेटीला, झाकणाच्या आतून चिकटवून टाकली. पुढं त्याच पेटीत पाने आणि हातोड्या आल्या. अडतीस वर्षं रोज सकाळी पेटी उघडली की आधी ते लाल शून्य दिसायचं, मग हत्यारं. गिऱ्हाइकं पुष्कळ वाहवा करायची, पण त्याला हवे होते ते फक्त गुरुजींच्या हातचे दोन मार्क.

"तापवाच मग, गुर्जी," तो म्हणाला. हा नम्र आवाज ऐकायला त्याची बायको शिवकांता तिथं असती, तर याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे हे तिनं तिथल्या तिथं ओळखलं असतं.

केसिंग घेऊन दोघं गुरुजींच्या शेतात आले. तिथं हुरडा भाजायची आगटी फुललेली होती. नळदुर्गचं एक कुटुंब सतरंजीवर हुरडा खात होतं. शेजारी गुरुजींच्या पत्नी चारुशीलाबाई ताकाचं मोठं पातेलं घेऊन बसल्या होत्या. गुरुजींनी ज्वारीची कणसं बाजूला सारली आणि केसिंग सरळ गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ठेवलं. त्याच्या सांदीकोपऱ्यातलं जुनं ऑइल पेटलं आणि असा काही धूर निघाला की पाहुणीबाईंनी पदर नाकाला लावला.

"हुरड्याला रॉकेलचा वास येतोय का हो?"

"गोवऱ्या नव्या आहेत," गुरुजी म्हणाले.

पाच मिनिटांनी केसिंग बाहेर काढलं. बेरिंग घातलं तर ते मघापेक्षा जास्त डुगडुगायला लागलं.

"नीट तापलं नाही," गुरुजी म्हणाले.

"व्हय व्हय. आजून दोन गोवऱ्या टाकू का?"

"टाक!"

लिंबाजीनं टाकल्या. मात्र अ‍ॅल्युमिनियमचं केसिंग वितळू नये म्हणून काडीनं हळूच राख पुढं ओढून ठेवली. चेष्टा करायची तरी हिशेबात करावी, एवढं भान त्याला होतं. दुसऱ्यांदा बेरिंग आणखी सैल झालं. तिसऱ्यांदा ते बेरिंग आत टाकलेलं केसिंगच गुरुजींनी निखाऱ्यावर ठेवलं आणि बऱ्याच वेळानं पोत्याच्या फडक्यानं उचललं. पाहुण्यांसमोर जाऊन उभे राहिले. शिकवायची सवय कुठं जाते!

"मंडळी, उष्णतेनं धातू प्रसरण पावतो. आता हे बेरिंग हत्तीनं ओढलं तरी निघणार नाही. पाहा!"

आणि त्यांनी केसिंग उलटं केलं.

हत्तीची गरज पडली नाही. बेरिंग निघालं ते थेट चारुशीलाबाईंच्या ताकात. चर्रर्र! वाफेचा लोट उठला आणि पाहुणीबाईंचा घास हातातच राहिला.

अडतीस वर्षं ज्या घडीची वाट पाहिली ती घडी आली होती. लिंबाजीनं हसायला तोंड उघडलंसुद्धा. पण समोर गुरुजींचे कान लाल झाले होते, मान खाली गेली होती, गृहपाठ न केलेल्या पोरासारखी. लिंबाजीला ते बघवेना. काय करणार, गुरुजी ते गुरुजीच!

"झाली फोडणी!" तो जोरात ओरडला. "पाव्हणं, आमच्या भागात ताकाला लोखंडाची फोडणी देत्यात. अंगात रगत वाढतं. घ्या, ऊन ऊन हाय तंवर!"

चारुशीलाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि वर कोथिंबीर टाकली. पाहुण्यांनी भीत भीत घोट घेतला. मग दुसरा घेतला. "झकास आहे की! आणखी मिळेल का?"

पाहुणे गेल्यावर चारुशीलाबाई म्हणाल्या, "अहो, बरणीचं झाकण घट्ट बसलं की मी ते गरम पाण्यात धरते. झाकण सैल होतं. चाळीस वर्षं बघताय ना?"

गुरुजी आगटीवर राख लोटू लागले.

शुक्रवारी औषध आलं आणि नवं बेरिंगही आलं. लिंबाजीनं खोबण पुसून, औषध लावून ते बसवलं आणि रात्रभर सुकू दिलं. शनिवारी बेडूक बांधावरून असा उड्या मारत सुटला की विचारू नका. पण त्याच्यावर बसायला फारसं कुणी नव्हतंच. नळदुर्गकरांनी फोटो फिरवले होते आणि चाळीस सोलापूरकर 'लोखंडी फोडणीचं ताक' मागत होते. चारुशीलाबाई दिवसभर पळी तापवत बसल्या.

रविवारी सकाळी गुरुजी गॅरेजवर आले. खिशाला लाल पेन होतं.

"पेटी उघड."

"कशाला, गुर्जी?"

"उघड. गुरुवारी इथं स्टुलावर तिच्यासमोरच बसलो होतो मी. मला दिसलं नसेल असं वाटलं तुला?"

लिंबाजीनं झाकण उघडलं. गुरुजींनी चष्मा सारखा केला, वाकून त्या पिवळ्या कागदावर, शून्याच्या अलीकडं, ठसठशीत एक काढला आणि खाली सही केली.

"गुर्जी, ह्ये तर धा झाले. प्रश्न दोन मार्काचा व्हता."

"दोन उत्तराचे."

"आन् आठ?"

"ताकाचे."

लिंबाजीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो पाया पडायला खाली वाकला, तर गुरुजींनी दोन्ही खांदे धरून त्याला वर उठवलं.

"ऊठ रे," ते म्हणाले. "अंगठे धरून पुष्कळ झालं."