मेश्रामसाहेबांची पर्वती

आमच्या भागात नव्या इमारतीचा पाया खणायला लागले की दुसऱ्या दिवशी तिथे मेश्रामसाहेब लाल फुगा घेऊन हजर. सारसबागेपाशी मिळतो तसा गॅसचा फुगा. दोऱ्याला मीटरमीटरवर गाठी. इमारत जितकी उंच होणार तितका दोरा सोडायचा आणि आसपासच्या गच्च्यांवरच्या लोकांना विचारायचं, "पर्वतीचं देऊळ दिसतंय, की मधात कोणी आलं?"

हे 'मधात' त्यांनी नागपूरहून आणलेलं. टपाल खात्यातली बहुतेक नोकरी पुण्यात झाली, सदाशिव पेठेच्या टोकाला आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं, पण शब्द सोडला नाही. केबल बंद पडली तरी ते केबलवाल्याला 'मधात कोणी आलं का' असंच विचारत.

मी पेशानं हिशेबनीस. एकदा त्यांना म्हटलं, "साहेब, वाऱ्यानं दोरा तिरका होतो. फुगा गाठींपेक्षा खाली राहतो. हे माप बिल्डरच्या सोयीचं आहे." दोन दिवस फुगा दिसला नाही. मग दोऱ्याला दोन फुगे दिसले.

सॉफ्टवेअरचे पगार आले तसे जुने बंगले पडून इमारती उठू लागल्या होत्या. देऊळ शहरातून दिसत राहावं म्हणून पर्वतीभोवती उंचीला मर्यादा आहे. तो नियम साहेबांना तोंडपाठ. लोकांना नवल वाटे, कारण साहेब बौद्ध. सोसायटीतल्या जोशीकाकूंनी शेवटी विचारलंच, तुम्हाला हो देवळाचं काय?

"मी हात जोडत नाही," साहेब म्हणाले. "नुसतं बघतो. बघायला धर्म लागत नाही."

मग आमच्या समोरचाच बंगला पडला. साहेबांनी महापालिकेत हरकत घेतली. सुनावणीला आकडेमोडीसाठी मला नेलं. अधिकारी सौजन्यानं वागले. नकाशा पाहून म्हणाले, "अहो, नियम चौकातून देऊळ दिसावं म्हणून आहे. आपल्या गॅलरीतून दिसावं म्हणून नाही."

इतकी वर्षं साहेब तो नियम घराघराच्या खिडकीला लावत होते. मी आकडे दोनदा तपासले. इमारत मर्यादेत होती. तसं त्यांना सांगितलं.

इमारत चढली आणि त्यांच्या गॅलरीतली पर्वती गेली. फुगे बंद झाले. मी सकाळी दूध आणायला जाई तेव्हा साहेब चौकात, दुखऱ्या गुडघ्यांवर, मान उंच करून उभे असत. एक बस गेली की दुसरी आडवी येई. चार-पाच दिवस पाहिलं आणि म्हटलं, "आमच्या चौथ्या मजल्यावरून अजून दिसतं. स्वयंपाकघरात येऊन बसा. लिफ्ट आहे."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. हातात दुर्बीण. हिनं खिडकीशी स्टूल दिलं. बराच वेळ दुर्बीण डोळ्यांवरून हलेना. मग एकदम चेहरा सैल झाला.

"पोचली," ते म्हणाले.

मी दुर्बीण घेतली. देवळाच्या कठड्याशी हिरव्या साडीतली एक बाई पदर हलवत होती. पायात पांढरे बूट. मेश्रामवहिनी!

"हृदयाचं ऑपरेशन झालंय तिचं. आता डॉक्टर म्हणतात, रोज चढा. पूर्वी बरोबर जायचो, आता माझे गुडघे चालत नाहीत. वर पोचली की अशी खूण करते. आपल्या गॅलरीकडे बघून."

"पण गॅलरीतून तर..."

"तिला म्हटलंय, कोपऱ्यात वाकून दुर्बिणीनं अजून दिसतं. खरं सांगितलं तर जायची नाही."

"साहेब, हे त्या अर्जात का नाही लिहिलंत?"

"बायको नीट वर पोचली का ते बघायचंय, हे कुठल्या कलमात बसवू?"

साहेब उठले, खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि हलवू लागले.

"एवढ्या लांबून वहिनींना दिसतो?" हिनं विचारलं.

"छे," साहेब म्हणाले आणि हात हलवत राहिले.